बैठकीतल्या फळीवरचे चार डबे

आमच्या बैठकीतल्या फळीवर पितळ, तांबं आणि स्टील शेजारी शेजारी मांडायची कल्पना माझ्या बायकोची. आता मुलीच्या घरी गेलो की मी पाहतो, पडद्याची दांडी एका रंगाची, दाराची मूठ दुसऱ्या रंगाची, दिवा तिसऱ्याच धातूचा, आणि हे सगळं विचार करून केलेलं असतं. मुलीला वाटतं, ही अलीकडची रीत आहे. मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगायला गेलो तर पुढचंही सांगावं लागेल. त्या फळीवरून मी तिच्या आईवर चोरीचा संशय घेतला होता, आणि तो जवळपास आठ महिने बाळगला होता.

बायकोची तेरवी होऊन तीन महिने झाले. रोज सकाळी एक-दोन परिच्छेद लिहितो, दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा खोडतो.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती. मी पिंपळगाव राजाच्या शाळेत शिक्षक होतो. घर भाड्याचं, पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, त्यामागे मोरी आणि थोडं अंगण. घरात आम्ही तिघं: मी, माझी बायको आणि माझी मोठी बहीण. बहिणीला सगळे बाईच म्हणत, मीही. आई गेली तेव्हा मी लहान होतो. बाईनं मला वाढवलं. तिचं लग्न साखरखेर्ड्याला झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि ती माझ्याकडे आली. माझ्या लग्नाआधी घर तिचं होतं, आणि लग्नानंतरही, खरं सांगायचं तर, तिचंच होतं.

बैठकीत दारासमोरच्या भिंतीला एक लांब फळी होती. तिच्या कडेला बाई कातरलेल्या रंगीत कागदाची झालर लावायची आणि वर भांडी मांडायची. आमच्याकडे तेव्हा घराची शोभा म्हणजे ही फळी. पाहुणा टेकला की आधी तिच्याकडे बघायचा. लग्नात ज्यानं जे भांडं दिलं त्यावर त्याचं किंवा घेणाऱ्याचं नाव ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं असायचं, आणि देणारा घरी आला की त्याची नजर आपलं भांडं शोधायची. ते मागे सरकलेलं दिसलं तर तो चहा घेताना थोडा गप्प व्हायचा. बाईला हे सगळं पाठ होतं. कोण येणार आहे हे कळलं की ती आदल्या दिवशी भांड्यांची जागा बदलून ठेवायची.

फळीच्या मधोमध आईचे चार पितळी डबे असायचे. मोठ्यापासून लहानापर्यंत, झाकणांचे. आईच्या भावानं तिला लग्नात दिलेले. प्रत्येक झाकणावर आईचं नाव होतं. आईचा फोटो आमच्याकडे नव्हता. तिचं नाव लिहिलेलं असं घरात दुसरं काहीच नव्हतं.

बायको आली तेव्हा तिच्यासोबत स्टीलचा एक तांब्या आला. स्टील तेव्हा खेड्यात नवं होतं. तिनं तो फळीवर पितळेच्या मधे ठेवला आणि चार पावलं मागे जाऊन, मान थोडी कलती करून पाहिलं. तिची ती सवय शेवटपर्यंत होती.

बाई म्हणाली, "पिवळ्यात पांढरं काऊन बसवलं वो? डोक्यावर टक्कल पडल्यावानी दिसून राह्यलं."

"एकटा आहे ना बाई, म्हणून दिसते तसं. चार पांढरे झाले की नाही दिसणार."

"अन् चार झाले की?"

"मंग पिवळं अजून पिवळं दिसते. सारंच पिवळं असलं तर पिवळ्याकडं कोणी पाह्यत नाही."

बाईनं तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फळीवर होता. असं बरेच दिवस चाललं. मी जवळच बसून वह्या तपासत असायचो आणि दोघींपैकी कुणाचीच बाजू घेत नव्हतो. याला मी समंजसपणा समजत होतो.

त्या माघात साखरखेर्ड्याच्या नातलगांकडे लग्न होतं. बाई महिनाभर तिकडे राहिली. त्या महिन्यात घरात काय काय झालं हे मला नंतर फार बारकाईनं आठवावं लागलं, आणि माझ्या लक्षात आलं की मला काहीच आठवत नाही. शाळा, वाचनालयातून आणलेली पुस्तकं, जेवण, झोप. एवढंच आठवत होतं की बायकोचा भाऊ संग्रामपूरहून वांग्या-मिरच्यांचं पोतं घेऊन आला होता, कारण माझ्या सासऱ्यांचा भाजीचा मळा होता, आणि परत जाताना त्याच्या खांद्यावरचं पोतं रिकामं नव्हतं. ते फुगलेलं होतं. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नव्हतं.

बाई परत आली, पिशवी खाली ठेवली, पाणीही न पिता फळीकडे पाहिलं.

फळीवर चार पांढरे डबे होते. चकचकीत, कुठे पोचा नाही. त्यांच्या एका बाजूला तांब्याचा गडवा, दुसऱ्या बाजूला पितळेची परात उभी. आईचे डबे नव्हते.

"हे कुठून आणले?"

"खामगावहून," बायको म्हणाली.

"अन् आईचे?"

"आहेत ना."

"कुठी?"

"आहेत बाई. घरातच आहेत."

एवढं बोलून ती पाणी आणायला आत गेली, आणि आतच राहिली. बाईनं त्या दुपारी घर पालथं घातलं. पेटी, धान्याच्या कणगीमागची जागा, माळा, गादीखालची फळकुटं. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"घरात नाहीत."

"ती म्हणते आहेत."

"मंग दाखवत काऊन नाही? बापा, पितळ गेलं संग्रामपूरले, अन् हे पांढरे पत्रे आले आपल्या घरी. अदलाबदल झाली, तू पुस्तक वाचत बस."

चार गेले होते, चार आले होते. उंचीही तीच होती. हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर मेहुण्याच्या खांद्यावरचं ते फुगलेलं पोतं आलं, आणि ते एकदा आल्यावर डब्यांकडे बघण्याची गरजच मला उरली नाही. बाईनं त्या पांढऱ्या डब्यांना हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं. पुरुषांनी भांडी हाताळायची पद्धत नव्हती, म्हणून मीही लावला नाही. दोघांपैकी एकानं जरी उचलून पाहिला असता तरी वजनावरून सगळं कळलं असतं.

बायकोला मी विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं आणि त्याच दिवशी मिटलं असतं. मी पाहत राहिलो. ते चार डबे ती स्वतःच पुसायची, तेही राखेनं नाही, मऊ फडक्यानं. पुसताना झाकणावरून अंगठा फिरवायची, एकाच जागी, पुन्हा पुन्हा. मी आलो की फडकं उचलून दुसरीकडे वळायची. जेवताना मला वाढायची आणि माझ्याकडे बघायची नाही. माहेरचं पत्र आलं की मला वाचून दाखवायची, पण मला वाटायचं, मधली एखादी ओळ ती गाळते आहे. एकदा ती मोरीत असताना मी ते पत्र काढून वाचलं. एकही ओळ गाळलेली नव्हती. माझं समाधान झालं नाही. मी मनाशी म्हटलं, हे लोक असल्या गोष्टी पत्रात कशाला लिहितील.

बाईला मात्र मनात ठेवणं जमत नव्हतं. शेजारीण आली की ती फळीकडे हनुवटी करायची. "आमच्या इथी पितळेले पाय फुटतात वो," असं म्हणायची. बायको ऐकायची आणि पोळ्या लाटत राहायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी संग्रामपूरला गेलो. घरी सांगितलं की जळगाव जामोदला एका शिक्षकमित्राकडे जातोय. खामगावला गाडी बदलली. वाटेत पूर्णा नदी कोरडी पडली होती. सासुरवाडीला पोचलो तेव्हा सासरे मळ्यात होते, मेहुणा बाजाराला गेलेला. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, बाज टाकली आणि चहाचं पाहायला आत गेल्या.

त्यांच्याही बैठकीत फळी होती, तिच्यावर पितळी डबे होते. मी उठलो. पहिला डबा उचलून झाकण उजेडाकडे धरलं आणि नाव वाचलं. तो ठेवून दुसरा उचलला. तिसऱ्याच्या तळाशीही पाहिलं, तिथेही कधीकधी नाव असतं म्हणून. चौथा हातात असताना मागून आवाज आला.

"काय पाहून राह्यले जावईबापू?"

"काही नाही. अक्षर चांगलं कोरलंय."

"शाळेले सुट्टी लागली, तुमच्या वाचण्याले काई सुट्टी लागत नाही."

त्या हसत होत्या. मीही हसलो. मग त्यांची नजर माझ्या हातावर गेली, फळीवर गेली, मी उचलून चुकीच्या क्रमानं ठेवलेल्या डब्यांवर गेली, आणि त्या हसायच्या थांबल्या. चहाची कपबशी त्यांनी खाली ठेवली. आत गेल्या. एक परात आणली, दोन तपेली आणली, एक घागर आणली, पेले आणले. सगळं माझ्यासमोर सतरंजीवर ओळीनं मांडलं.

"हेही वाचून घ्या," त्या म्हणाल्या. "एवढ्या दुरून उन्हात आले."

आवाजात राग नव्हता. मी काय शोधतोय हे त्यांना माहीत नव्हतं, पण काहीतरी शोधतोय हे त्यांना कळलं होतं. मी खाली मान घालून चहा प्यायलो. सगळी नावं त्यांच्याच घरची होती.

थोड्या वेळानं सासरे आले. म्हणाले, "तुम्ही पोऱ्यासंगं सरकी पाठवली, लई चांगलं केलं. म्हैस दुधावर आली."

पोत्यात सरकी होती. खामगावकडे सरकी सहज मिळते, तिकडे तितकी नाही; बायकोनं मागवून दिली होती. हे ऐकून मला शरम वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून विचार करत होतो की इथे नाहीत, म्हणजे कुठेतरी विकले असतील.

श्रावणात तिला सातवा लागला आणि पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी गेली. निघताना तिनं फळीकडे एकदा पाहिलं. बाईला म्हणाली, "ते चार राखेनं घासू नका. नुसतं फडकं फिरवा."

"मी कायले हात लावते?" बाई म्हणाली.

पण दिवाळी आली. दिवाळीत फळी उतरवून सगळी भांडी घासायची म्हणजे घासायची, आणि बाईच्या हातून चार भांडी न घासता वर जाणं शक्य नव्हतं. ती अंगणात चिंचेचा कोळ आणि विटेची भुकटी घेऊन बसली. मी आत वाचत होतो. घासण्याचा आवाज चालू होता, मग तो थांबला.

"बापा, इकडं ये जरा."

मी बाहेर गेलो. तिच्या मांडीवर सगळ्यात मोठा डबा होता. एका अंगाला पांढरं निघून गेलं होतं आणि तळहाताएवढं पिवळं पितळ दिसत होतं. सायकलीच्या हँडलचा मुलामा झिजल्यावर आतलं दिसतं ना, तसं.

"उचलून पाह्य," ती म्हणाली.

मी उचलला. जड होता.

तिनं बाकीचे तीनही उचलून, तोलून खाली ठेवले. मग मोठ्या डब्याचं झाकण घेतलं आणि त्यावरून बोटं फिरवली. पाणी टाकून पुन्हा फिरवली. झाकण गुळगुळीत होतं.

"नाव गेलं," बाई म्हणाली. तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "हे सांगायची हिंमत नव्हती तिची. चोरीचा आळ लागला तर लागू दे म्हणाली असन मनात."

नेमकं काय झालं ते आम्हाला बायको परत आल्यावर कळलं. खामगावला सायकलींच्या सामानाला निकेलचा मुलामा देणारा एक कारखानदार होता. तो भांड्यांनाही देत असे. बायकोला स्टीलचे चार डबे हवे होते, तेवढी ऐपत नव्हती, आणि आईचे डबे पोचे पडून काळपट झाले होते. तिनं विचार केला, डबे आपलेच राहतील, नाव राहील, रंग तेवढा बदलेल. बाई साखरखेर्ड्याहून येईल तेव्हा चकित होईल. पण मुलामा नीट बसावा म्हणून त्या माणसानं आधी पोचे काढले, झाकणांच्या मुठी बदलल्या आणि डबे चक्रीवर घासून घेतले. ठिपक्यांचं नाव ते काय, किती खोल असणार. ती डबे आणायला गेली तेव्हा चारही झाकणं कोरी होती.

तान्ह्या मुलीला घेऊन ती आली तेव्हा फळीवर तो मोठा डबा तसाच, अर्धा पांढरा अर्धा पिवळा, ठेवलेला होता. तिनं तो दारातूनच पाहिला. बाईनं मुलीला तिच्या हातातून घेतलं.

"मले सांगतलं असतं, तर म्या काय खाल्लं असतं तुले?"

"तुम्ही रडल्या असत्या बाई," बायको म्हणाली. "त्यापेक्षा रागावल्या ते बरं."

"आठ महिने?"

"रोज वाटे, आज सांगीन. मंग तुम्ही काही बोलल्या की राह्यून जाय."

बाई मुलीला हलवत राहिली. मग म्हणाली, "तुले पितळेले पाय फुटले म्हणून म्हटलं म्या. साऱ्या गल्लीत म्हटलं."

"ऐकलं ना म्या."

"आता गल्लीले सांगावं लागन."

आणि बाईनं खरंच सांगितलं. ज्या ज्या शेजारणीजवळ ती बोलली होती त्या प्रत्येकीला घरी बोलावून तिनं तो डबा हातात दिला, वजन पाहायला लावलं, आणि चूक आपली होती असं म्हटलं. एकीनं गमतीत म्हटलं, "मास्तरणीनं सासूचं नाव पुसलं की." बाई तिला म्हणाली, "नाव पुसायले काय ते पाटीवर होतं? मले तोंडपाठ आहे."

बायकोनं पुन्हा मुलामा द्यायचा नाही असं ठरवलं. ती फळीसमोर मान कलती करून बराच वेळ उभी राहिली आणि मग तो अर्धामुर्धा डबा तिनं मधे घेतला. डावीकडे पितळेची परात आणि तांब्याचा गडवा, उजवीकडे तीन पांढरे डबे आणि स्टीलचा तांब्या. मला भांड्यांतलं काही कळत नाही, तरी मलाही दिसलं की इतके दिवस त्या फळीवर दोन घरची भांडी एकमेकांकडे पाठ करून बसल्यासारखी वाटायची, तसं आता वाटत नव्हतं. ज्या डब्यात दोन्ही रंग होते त्याच्यामुळे बाकीची एकमेकांची झाली. बाई म्हणाली, "आता शोभते." त्यानंतर फळीवर कुठलं भांडं कुठे ठेवायचं हे दोघी मिळून ठरवू लागल्या.

उरलो मी. त्याच आठवड्यात एका दुपारी मुलगी झोपली होती, बाई शेजारी गेली होती, तेव्हा बायको माझ्यासमोर येऊन बसली.

"तुम्ही उन्हाळ्यात संग्रामपूरले गेले होते."

मी हो म्हणालो.

"आईनं सांगतलं. म्हणे जावईबापूंनी फळी उतरवली. काय पाह्यत होते ते तिले अजून समजलं नाही. मले समजलं. मी तिले काही बोलली नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"मले नको," ती म्हणाली. "मी लपवलं होतं, तुम्हाले संशय आला. पण तिनं काय केलं होतं? तिनं भांडी तुमच्यासमोर मांडली, अन् तुम्ही गेल्यावर एकटीनं पुन्हा लावली. तुम्ही एकदा तिच्याकडं जा. सांगा, मी हे हे पाह्यले आलो होतो, ते माह्याच घरी होतं. बस. अजून काही म्हणू नका."

तिनं माझ्याकडे आयुष्यात फार कमी गोष्टी मागितल्या. ही त्यातली पहिली.

मी गेलो. रविवार होता. सासूबाई दारात मिरच्या निवडत होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि उठून आत वळल्या. मी बैठकीत गेलो तर त्या फळीसमोरून बाजूला होऊन उभ्या होत्या, जणू मला जागा करून देत होत्या. मी बाजेवर बसलो. मुलीच्या वजनाबद्दल बोललो. थंडीबद्दल बोललो. त्यांनी चहा दिला, मी प्यायलो. वाक्य मनात तयार होतं. गाडीत मी ते बऱ्याच वेळा म्हणून पाहिलं होतं. वर्गात चाळीस मुलांसमोर बोलणारा माणूस मी. त्यांनी विचारलंसुद्धा, "काही काम काढलं होतं?" मी म्हणालो, "नाही, सहज." त्यांनी परतीला माझ्याजवळ वांगी दिली.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "सांगतलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाली आई?"

"हसल्या."

"आई हसली?"

"हो. म्हणाल्या, जाऊ द्या."

ती माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिली. मग वांगी घेऊन आत गेली. "बरं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मायलेकी कितीतरी वेळा भेटल्या. प्रत्येक वेळी बायको संग्रामपूरहून परत आली की मी तिचा चेहरा न्याहाळायचो. सासूबाईंनी काही विचारलं असेल का, हिनं त्यांना काही विचारलं असेल का. ती पिशवी रिकामी करायची, मुलीला हाक मारायची, तिकडच्या पिकापाण्याचं सांगायची. सासूबाई गेल्या तेव्हाही आम्ही दोघं एकाच गाडीनं गेलो, आणि वाटेत मला वाटलं, आता विचारेल. तिनं विचारलं नाही. पुढे इतकी वर्षं आम्ही एकत्र काढली. घरं बदलली. तिचं "बरं" खरं बरं होतं की तिला सगळं ठाऊक होतं, हे मी शेवटपर्यंत तिच्या तोंडाकडे पाहून वाचायचा प्रयत्न करत राहिलो. दवाखान्यातही.

आता बायको आणि सासूबाई दोघीही नाहीत. म्हणून इथे लिहून ठेवतो. त्या रविवारी मी सासूबाईंना काहीच सांगितलं नाही. सांगायचं होतं ते एवढंच: मी तुमच्या घरी माझ्या आईचे चार डबे शोधायला आलो होतो. ते माझ्याच घरी होते.